वळणावरचे भूत आणि गाडीची किल्ली

प्रश्न : रावेर तालुक्यातील आमच्या गावाबाहेर चिंचेपाशी एक वळण असून ते झपाटलेले असल्याची समजूत आहे. गेल्या महिन्यात माझा सोळा वर्षांचा मुलगा रात्री शिकवणीहून मोटारसायकलने परतताना तिथेच उभ्या असलेल्या, केळीने भरलेल्या ट्रॉलीवर आदळला. हात मोडला, जीव वाचला. आई नारळ फोडायचा म्हणते, पत्नी त्या रस्त्याने कोणाला जाऊ देत नाही. दोष नेमका कोणाचा?

उत्तर : त्या वळणाची भीती मी सर्वस्वी खुळी मानणार नाही, कारण जिथे पलीकडचे दिसत नाही तिथे अपघात वारंवार होतात आणि मग भुताचे नाव निघते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर धावते. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तिथेच संपतात आणि कोरड्या डांबरावरही थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. मागे दिवा वा परावर्तक नसलेली ट्रॉली अंधारात इतक्या आधी दिसणे अवघडच. ती तशी उभी असेल, तर तिच्या मालकाचा दोष मोठा आहे आणि त्याची तक्रार अवश्य करावी.

मात्र मुलाला किल्ली कोणी दिली, हे आपण लिहिलेले नाही. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीपुरताच असतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड ठेवला आहे. हेल्मेटचाही उल्लेख पत्रात नाही. २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला. या दोन गोष्टींना ट्रॉलीवाला जबाबदार नाही, चिंच तर नाहीच.

वहिनींची काळजी समजते. पण वळण टाळण्यासाठी अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावरून फेरा पडणार असेल, तर केळीच्या ट्रकांच्या रांगेत शिरून धोका वाढेल. मुलगा अठरा वर्षांचा होऊन परवाना काढेपर्यंत शिकवणीला त्याला आपण सोडावे किंवा एस.टी.ने पाठवावे. आईंना नारळ फोडू द्यावा, फक्त दिवसा आणि रस्ता सोडून कडेला.