कोड पुसला, सेन्सर बदलला, तरी चेक इंजिनचा दिवा परत लागतो. घरी काय तपासता येईल?

तुम्ही लिहिलंय की स्कॅनरवर पी०१७१ हा दोषाचा कोड येतो, ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला तरी दिवा परत लागला, आणि गाडी उभी असताना किंचित थरथरते. थरथरण्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मला तोच सगळ्यात कामाचा धागा वाटतो.

कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे. पी०१७१ चा अर्थ इतकाच की मिश्रण लीन आहे, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. हे ऑक्सिजन सेन्सरमुळे कळतं, म्हणून सेन्सरच बदलला जातो. बहुतेक वेळा तो बिचारा खरंच सांगत असतो.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय, हे आधी बघा. लुकलुकत असेल तर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) जोरात आहे. न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर तापून निकामी होतो. अशी गाडी चालवत राहू नका. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर इंजिन ताबडतोब बंद करायचं, तो प्रकारच वेगळा.

घरच्या तपासणीला साधा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा) आणि मोबाइलवरचं ॲप पुरतं. १६ पिनांचं पोर्ट बहुधा स्टिअरिंगच्या खालीच असतं. कोड लगेच पुसू नका! त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: दोष नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड. कोड पुसला की तीही जाते, म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या.

आता खरी परीक्षा. गाडी मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करा आणि इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. लाइव्ह डेटात शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (मिश्रण नीट ठेवायला कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो, ते आकडे) शोधा आणि दोन्हींची बेरीज करा. साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. समजा आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता) बेरीज अधिक २५ आहे. ॲक्सिलरेटर हलका दाबून २५०० आरपीएमवर थोडा वेळ धरा. आकडा उतरून ५ च्या आसपास आला, तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलिंगला थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) ओढ जबरदस्त असते, त्यामुळे छोट्या फटीतून येणारी हवाही एकूण हवेच्या मानाने बरीच ठरते. थ्रॉटल उघडला की तिचा वाटा नगण्य होतो. उलट, आरपीएम आणि लोडबरोबर आकडा चढत गेला तर पेट्रोलच कमी पोचतंय (पंप, फिल्टर) किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलाय.

तुमची थरथर बघता मला पहिली शक्यता जास्त वाटते. इंजिन थंड असताना एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा जाड रबरी पाइप हाताने वाकवून बघा, चिरा घड्यांच्या आत लपतात. पीसीव्हीचा होज (इंजिनातल्या वाफा परत आत नेणारी नळी) आणि ब्रेक बूस्टरकडे जाणारा व्हॅक्यूम पाइप टोकाशी कडक झालाय का, क्लिप सैल आहे का, तेही बघा. मग इंजिन चालू करून रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं जोडांजवळून फिरवा. फट असेल तिथे सुस्स असा आवाज स्पष्ट येतो. पंखा आणि बेल्टपासून हात, बाह्या, ओढणी लांब ठेवा. कार्ब क्लीनर फवारून शोधण्याची पद्धत सर्रास सुचवली जाते, पण तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारायचा सल्ला मी देणार नाही.

कोड दुसरा असता तरी पद्धत हीच. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर. इंजिन बंद करून तिथली कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारी) तिसऱ्यावर लावा; पुढच्या वेळी पी०३०३ आला तर दोष कॉइलचा. पी०४५५ (पेट्रोलच्या वाफांची मोठी गळती) असेल तर पेट्रोल टाकीचं झाकण आणि त्याचं रबर आधी बघा.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, पण दिवा लागत नाही एवढ्यावर थांबू नका. बरेच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळल्याशिवाय दिवा लागतच नाही, म्हणून ॲपमध्ये पेंडिंग कोड (नोंदलेला, पण अजून दिवा न लावलेला) बघत राहा. ट्रिम शून्याच्या जवळ स्थिरावला की काम झालं. फट सापडलीच नाही तर गॅरेजमध्ये ट्रिमचे दोन्ही आकडे दाखवा आणि आणखी कुठलाही पार्ट बदलण्याआधी इनटेकची स्मोक टेस्ट (धूर सोडून फट शोधणं) करायला सांगा.