अल्बमची पानं कुठली घ्यावी? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: काका नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले, घर जुनं कौलारू. सासूबाई गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली तर शेदीडशे फोटो निघाले, ब्लॅक अँड व्हाइट पण आणि नंतरचे कलर पण. शिवाय लग्नपत्रिका, आजेसासऱ्यांचा १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचा पास, रेल्वेची पुठ्ठ्याची तिकिटं, पेपरची कात्रणं, मोठ्या दिरांच्या जावळाची पुडी असलं बरंच काय काय. थोडे फोटो तर कुंद्याच्या बॉक्समध्ये होते, त्यांना तूप लागलंय. मुलगी पुण्याहून म्हणते ऑनलाइन आर्काइव्हल, म्हणजे वर्षानुवर्षं जपून ठेवायला केलेली, पानं मागव आणि फाइलीत लाव. इथं खडे बाजारात विचारलं तर दुकानदार म्हणाला सगळी पानं सारखीच, कुठली पण घ्या. नेमकं काय बघून घ्यायचं?

उत्तर: ताई, दुकानदाराचं मनावर घेऊ नका, तो राखी पण विकतो आणि रंगपंचमीला पिचकारी पण विकतो, त्याला पानात काय पडलंय. पानं सारखी दिसतात, सारखी नसतात. हे मी फोटोवाल्याचा मुलगा असून उशिरा शिकलो, आणि घरच्याच फोटोंवर शिकलो. आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम, वरनं मरून रेक्झिन, सोनेरी गणपती, आत मऊ मऊ पारदर्शक पानं, त्या वेळी सगळ्यात भारी म्हणून घेतलेला. दहाबारा वर्षांनी एका पावसाळ्यात पाहुण्यांना दाखवायला म्हणून काढला तर पानाला हात चिकटायला लागला, तेलकट, आणि फोटो ओढला तर चर्रर्र असा आवाज आला, बहिणीचं अर्धं तोंड आणि मुंडावळ्या प्लास्टिकला तशाच राहिल्या आणि माझ्या हातात पांढरा कागद. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

ते मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतंय, नळाचा पाइप बघा की. त्याला मऊ करायला त्यात तेलासारखं केमिकल घालतात आणि ते वर्षानुवर्षं हळूहळू वर येत राहतं, म्हणून तो चिकटपणा. वर पीव्हीसी जुनं झालं की त्यातनं आम्ल सुटतंय, ते फोटोलाही खातं आणि कागदालाही. त्यामुळं पान घेताना एवढंच ठरवून जायचं की पीव्हीसी नको, व्हिनाइल लिहिलेलं असलं तरी तेच ते. चालतात तीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिइथिलीन आणि पॉलिएस्टर. मायलार म्हणून जे ऐकता ते पॉलिएस्टरच, ते महाग आणि बहुतेकांना त्याची गरज नसते, चांगली पॉलिप्रॉपिलीनची पानं पुष्कळ झाली. पाकिटावर तिकोनी बाणांत आकडा असेल तर ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ आणि ४ म्हणजे पॉलिइथिलीन, ३ दिसला की परत ठेवा.

आकडा नसेल तर? आधी वास घ्या. नवीन रेनकोट उघडल्यावर येतो तसला भपकारा आला तर तिथंच सोडा. तरी शंका राहिली तर एक पान घरी आणून कोपऱ्याचा नखाएवढा तुकडा कापा आणि पाण्याच्या ग्लासात टाका, बोटानं पूर्ण बुडवा, चिकटलेले बुडबुडे पुसून काढा नाहीतर ते खोटं तरंगवतात. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते उसळी मारून वर येतं. पीव्हीसी तळाला जाऊन बसतं. पॉलिएस्टर पण बुडतं, पण ते हातात घेतल्याबरोबर कळतं, कडक आणि चुरचुर वाजणारं, पीव्हीसीसारखं लुळं नसतं. मी ही टेस्ट आमच्या गल्लीत तिघाचौघांना करून दाखवली तर एकाच्या घरातल्या सहा अल्बमपैकी पाच बुडाले, सहाव्याच्या पानाचा तुकडा वर आला तेव्हा त्याच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या.

आता मुलीनं सांगितलेला तो आर्काइव्हल शब्द. पाकिटावर हा शब्द छापायला कुणाची परवानगी लागत नाही, कुणीही छापतं. ॲसिड फ्री, म्हणजे आम्ल नसलेलं, हे पण तसंच, कागदाबद्दल असेल तर त्याला अर्थ आहे, प्लास्टिकच्या पानावर नुसतं ॲसिड फ्री लिहिलंय म्हणून खूश व्हायचं कारण नाही. त्यापेक्षा पीएटी पास असं लिहिलंय का बघा, म्हणजे फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट, आयएसओ १८९१६. त्यात ते पान ७० अंश सेल्सिअस आणि ८६ टक्के आर्द्रतेत १५ दिवस ठेवतात आणि फोटोवर डाग पडतो का, फोटो उडतो का बघतात. म्हणजे आपला कणकुंबी-जांबोटीचा आषाढच, फक्त चुलीवर ठेवलेला. त्यातनं जे पान निघालं त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

ऑनलाइन मागवताना एक गोष्ट मात्र नक्की बघा, भोकं. मी एकदा मोठ्या हौसेनं अमेरिकन पानं मागवली, पान एक नंबर, पण त्याला तीन भोकं आणि माझ्या फाइलीला दोन रिंगा, एकही जुळेना. आपल्याकडच्या रिंग फाइली दोन नाहीतर चार रिंगांच्या. काठाला ११ भोकं असलेलं पान घेतलं की दोन्हींत बसतं. आणि फाइल बरोबर घेऊन दुकानात जा ताई, लाजू नका, कारण मॅक्सी साइजचे, म्हणजे ४ बाय ६ चे, चार फोटो बसणारं पान रुंद असतंय, ते कव्हरच्या बाहेर डोकावतं आणि मग कडा दुमडतात, फोटोचे कोपरे पण त्याबरोबर. जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो तर कुठल्याच ठरलेल्या साइजचे नसतात, काही नक्षीदार कातरलेल्या कडांचे, त्यांना मोठ्या खणाचं पान घ्या आणि मागं ॲसिड फ्री कागद घालून फोटो टेकवा, लहान खणात कोंबू नका, कडा कापून बसवणं तर अजिबात नको. खण वरनं उघडा असला तर बरा, बाजूनं उघडा असला की फाइल उभी धरल्यावर फोटो घसरत येतो. एका खणात पाठीला पाठ लावून दोन चालतात, पण तोंडाला तोंड नको.

रिंग गोल घेऊ नका, डी आकाराची घ्या. गोल रिंगमध्ये पानं वळतात, फाइल मिटताना खालची पानं कमानीसारखी होतात आणि फोटोला कायमचा बाक येतो. फाइल तीन चतुर्थांश भरली की दुसरी सुरू करायची, गच्च भरलेल्या फाइलीत पानं एकमेकांवर दाबतात.

आणि आता आपल्या भागातला खरा शत्रू, पाऊस. फोटोचं चित्र ज्या थरात असतंय ना तो जिलेटिनचा थर, म्हणजे हाडं-कातडी उकळून काढलेला एक प्रकारचा सरसच. दमट झाला की तो चिकट होतो, म्हणूनच भिंतीवरच्या फ्रेममधले फोटो काचेला चिकटतात. हवेत दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला मोकळं रान, आणि खानापुरात जून ते सप्टेंबर तो कधी खाली येतो सांगा बघू. म्हणून पानं भरायचं काम पावसाळ्यात काढू नका, दमट फोटो प्लास्टिकात घातला म्हणजे दमट हवा आतच कोंडली. शिमगा झाला की मिरगाच्या आत, कोरड्या दिवसांत, पंख्याखाली सावलीत फोटो दोन दिवस पसरून ठेवा आणि मग भरा. उन्हात नको हं, पापड वाळत घालतात तसं काही जण गच्चीवर फोटो घालतात, रंग उडतो आणि कागद वाकडा होतो. भरलेली फाइल माळ्यावर, कौलाखाली ठेवायची नाही, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात पण नाही, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचा मधला कप्पा बरा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्यांचा रंग बदलला की गरम करून परत वापरा. डांबरगोळ्या मात्र फोटोजवळ नको, त्यांची वाफ प्लास्टिकला आणि फोटोला दोन्हीला बाधते.

बाकीच्या वस्तूंचं सांगतो. संमेलनाचा पास ही मोठी गोष्ट आहे ताई, माडखोलकर अध्यक्ष होते ते संमेलन, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला, सीमाभागात राहून असला कागद घरात निघणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. त्याला टाचणी असेल तर आधी ती काढा, ओढून नाही, गंजलेली टाचणी कागद फाडते, खाली प्लास्टिकची पट्टी सरकवून हळूच. त्याला स्वतंत्र खण. कात्रणं फोटोच्या शेजारी नकोतच, पेपरचा कागद मुळातच आम्लधर्मी, पिवळा पडतो आणि शेजारच्याला पण डागाळतो, कात्रणाची झेरॉक्स चांगल्या कागदावर काढून ती फाइलीत लावा आणि मूळ कात्रणं वेगळ्या पाकिटात ठेवा. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावलेलं असणार, ते आजही उठतं, माझ्या आत्याच्या पत्रिकेचं कुंकू शेजारच्या फोटोत नवऱ्याच्या टोपीवर गेलंय. पत्रिकेला वेगळं पान द्या. तूप लागलेले फोटो पुसायला जाऊ नका, ओल्या फडक्यानं तर नाहीच, एकेक करून वेगळ्या खणात घाला म्हणजे तूप पसरणार नाही. तिकिटांना पोस्टाचे स्टॅम्प किंवा नाणी ठेवायची छोट्या खणांची पानं मिळतात ती घ्या, ती पण पाण्यात टाकून बघूनच, कारण नाण्यांची स्वस्त पानं बऱ्याचदा पीव्हीसीची असतात. जावळाची पुडी फाइलीत नको, ती जाड असते, आजूबाजूच्या पानांवर उठाव येतो, तिला पुठ्ठ्याची डबी करा.

नावं लिहायची तर आत्ताच लिहा, जी माणसं ओळखू शकतात ती आहेत तोवर. फोटोच्या पाठीला मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं, बॉलपेनचा दाब पुढून दिसतो. आणि कलर फोटो आधी स्कॅन करा, त्या काळचे कलर प्रिंट अंधारात ठेवले तरी त्यातला निळसर रंग आधी उडतो, म्हणून सगळे लालबुंद दिसतात. त्याला चांगलं पान पण थांबवू शकत नाही. ब्लॅक अँड व्हाइटला घाई नाही.

प्रश्न: आमच्याकडं निपाणीला आजोबांचा काळ्या कागदाचा अल्बम आहे, कोपऱ्यांत फोटो खोचलेले, मध्ये जाळीदार बटर पेपर, पांढऱ्या शाईनं आजोबांनी नावं लिहिलीत. फोटो काढून नवीन पानांत घालू का?

उत्तर: नको. कागद तुटायला लागला नसेल तर आहे तसाच राहू दे, आजोबांचं अक्षर कुठल्या खणात बसवणार? आधी प्रत्येक पानाचा वरनं सरळ मोबाइलनं फोटो काढा, नावांसकट. बटर पेपर पिवळा पडून चुरा होत असेल तर तेवढा बदलून ॲसिड फ्री टिश्यू घाला. अल्बम उभा ठेवू नका, आडवा, झाकणाच्या पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही तरी सांगतो, कारण ती घरोघरी आहे. ऐंशीच्या दशकात ते चिकट पट्ट्यांचे अल्बम आले होते, वरची प्लास्टिकची चादर उचलायची, फोटो ठेवायचा, परत चिकटवायची. त्याचा डिंक आणि चादर दोन्ही फोटोचे वैरी आहेत, त्यातले फोटो मात्र काढायला पाहिजेत. निघत नसतील तर दाताला वापरतात तो फ्लॉसचा दोरा फोटोच्या मागनं करवतीसारखा हळूहळू ओढायचा. नाहीच निघाला तर तिथंच थांबा, पानासकट स्कॅन करा.

प्रश्न: काका, आमचे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, त्यांचा गणवेशातला एकच फोटो आहे. भाऊ म्हणतोय लॅमिनेशन करू, कायमचा टिकेल. करू का? (हिंडलगा)

उत्तर: भावाला आधी कपाटाची किल्ली देऊ नका. लॅमिनेशन म्हणजे गरम करून प्लास्टिक चिकटवणं, ते परत निघत नाही, आणि उष्णतेनं जुना फोटो तिथल्या तिथं बिघडू शकतो. एकच फोटो असेल तर चांगल्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅन करा, त्याची प्रिंट काढून ती खुशाल लॅमिनेट करा, फ्रेम करा, सैन्यातल्या माणसाला हार घालायचा तर त्या प्रिंटला घाला. मूळ फोटो पॉलिप्रॉपिलीनच्या खणात, मागं ॲसिड फ्री पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं पणजोबांचं नाव, हुद्दा, आठवत असेल तर पलटण.