प्रवासात कोणता लाकडी पट न्यावा?

गेल्या अंकात सुट्टीतल्या घरगुती खेळांविषयी लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच विचारणा पुन्हापुन्हा होती: प्रवासात नेता येईल असा लाकडी पटाचा खेळ कोणता घ्यावा? त्यातली तीन पत्रं इथे घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांच्याही बऱ्याच शंका त्यात मिटतील.

आम्ही मे महिन्यात सांगलीहून रेल्वेने बेंगळुरू आणि तिथून म्हैसूरला चाललो आहोत. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या. मुलगा चौदाचा, मुलगी नऊची, नणंदेचा मुलगा पाचचा. प्रवासात मोबाईल नको असं सगळ्यांनी ठरवलंय. दुकानात 'दहा खेळ एकात' अशी छान लाकडी पेटी पाहिली. घ्यावी का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

ताई, ती पेटी घेऊ नका. मी शाळेत कार्यानुभव शिकवायचे, तेव्हापासून लाकडाची वस्तू हातात आली की ती उलटी करून पाहायची सवय आहे, आणि अशा पेट्या मी बऱ्याच उघडून पाहिल्या आहेत. दहा खेळ एका पेटीत बसवायचे तर सोंगट्या बारीक कराव्या लागतात, फासा हरभऱ्याएवढा होतो. झाकण सागवानी दिसलं तरी आतला पट बहुधा भुशाच्या दाबलेल्या फळीवर चिकटवलेला छापील कागद असतो. त्यावर पाण्याची बाटली कलंडली की फळी फुगलीच. शिवाय त्या दहांतले बरेचसे खेळ घरात कुणी काढतही नाही.

तुम्ही दोनच खेळ न्या. एक धावत्या गाडीतला, एक मुक्कामाचा.

गाडीतला आधी. खालच्या बर्थवर दोघं समोरासमोर मांडी घालून बसली की मधे जेमतेम फूटभर जागा उरते. म्हणजे पट आठ ते दहा इंची हवा. गाडी रूळ बदलते तेव्हा जो हिसका बसतो, त्यातही सोंगटी जागची हलता कामा नये. याला भोकांचा पट आणि त्यात खोचायच्या खुंट्या यासारखा उपाय नाही. फासा तर गाडीत नकोच. तो सीटखाली गेला की सगळ्यांच्या बॅगा बाहेर काढाव्या लागतात.

म्हणून माझी निवड वाघ-बकरी. आपल्याकडे जुन्या देवळांच्या पायऱ्यांवर, किल्ल्यांवर दगडात कोरलेले पट दिसतात, त्या कुळातला हा खेळ. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत. मी सांगते तो पाच बाय पाच रेघांचा, पंचवीस बिंदूंचा. नेपाळात याला बाघचाल म्हणतात. चार कोपऱ्यांत चार वाघ. वीस बकऱ्या हातात. बकरीवाल्याने एकेक बकरी रिकाम्या बिंदूवर ठेवायची, मधल्या प्रत्येक पाळीला वाघवाल्याने एक वाघ हलवायचा. शेजारच्या बकरीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या बिंदूवर जाता आलं तर ती बकरी वाघाने खाल्ली. विसाच्या वीस बकऱ्या पटावर आल्याशिवाय एकही बकरी जागची हलवायची नाही. पाच बकऱ्या गेल्या की वाघ जिंकले. चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या.

तुमच्या घराला हा खेळ का शोभेल ते सांगते. पाच वर्षांच्या मुलाला बकरी कुठे ठेवायची एवढं नक्की समजतं, आणि मोठं कुणी शेजारी बसलं तर तो पूर्ण डाव खेळतो. चौदा वर्षांच्या मुलाला मात्र वाघ कोंडायला खरोखर डोकं लावावं लागतं. दोन्ही बाजू वेगळ्या असल्यामुळे लहान-मोठ्याची जोडी लावता येते. डाव फार लांबत नाही, घटप्रभा येईपर्यंत दोन-तीन सहज होतील.

खुंट्यांची वाघ-बकरी दुकानात सहज मिळत नाही. सुताराकडून करून घ्या, एका दुपारचं काम आहे. आठ बाय आठ इंचांचा, पाऊण इंच जाडीचा सागवानाचा तुकडा. भोकं साडेसहा मिलिमीटरची, आठ मिलिमीटर खोल. खुंट्या सहा मिलिमीटरच्या गोल काठीतून कापलेल्या, म्हणजे त्या अलगद बसतात आणि अलगद निघतात. चार वाघ दोन इंच उंच, बकऱ्या इंचभर. मागच्या बाजूला नवकंकरीची (आपल्या तीन सोंगट्या एका रेघेत आणायचा खेळ) चोवीस भोकं पाडून घ्या: एकात एक तीन चौकोन, कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर भोकं. तिथे दोघांना नऊ-नऊ सोंगट्या लागतात. त्यासाठी वेगळ्या खुंट्या नकोत. नऊ बकऱ्यांचं खालचं टोक लाल रंगवून ठेवा आणि नवकंकरी खेळताना त्या उलट्या खोचा, झाल्या दोन फौजा. भोकं दोन्ही अंगांनी आठ-आठ मिलिमीटरच असल्यामुळे पाऊण इंचाच्या फळीत ती एकमेकांना मिळत नाहीत. सुताराला हे आधी बजावून सांगा, नाहीतर तो आरपार भोक पाडून मोकळा होतो.

लाकूड मुरलेलं आहे का, हेही विचाराच. मिरजेचे सतारमेकर ओल्या लाकडाला हात लावत नाहीत, कारण ते पुढे वाळताना पिळतं. पटाचंही तसंच. फळी डोळ्यासमोर आडवी धरून कडेने नजर टाका; कड सरळ दिसली पाहिजे. पॉलिश किंवा रंग असेल तर पांढरा ओला रुमाल जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ती वस्तू लहान मुलाच्या हातात द्यायची नाही.

मुक्कामाला अष्टचंग न्या, कुणी याला चल्लस-आठ म्हणतं. सासूबाईंना विचारा, त्यांना बहुधा येत असेल, आणि येत असेल तर शिकवायचं काम त्यांच्याकडेच सोपवा. मला या खेळाविषयी फार वाटतं ते एवढ्याचसाठी. पंचवीस घरांचा पट, चार कवड्या, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. जितक्या कवड्या उताण्या तितकं दान, चारही पालथ्या पडल्या तर आठ. फुलीच्या घरात सोंगटी सुरक्षित. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरायचं नाही. घराघरात नियम थोडे बदलतात. तुमच्या सासूबाई सांगतील ते धरा आणि डाव सुरू होण्याआधी मुलांना स्पष्ट सांगा, म्हणजे पुढची भांडणं टळतात. कवड्या फरशीवर न टाकता स्टीलच्या डब्याच्या झाकणात रुमाल अंथरून टाका. आवाज होत नाही, शेजारच्या खोलीतले झोपलेले असतात.

सोंगट्यांचा रंग निवडताना सासूबाईंचा विचार आधी. दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळी आणि काळी सोंगटी सारखीच दिसते. एक जोडी फिकट लाकडाची, एक गडद, एक लाल, एक पिवळी, असं असू द्या. माथ्याचे आकारही वेगळे असले तर फारच चांगलं: एक गोल, एक टोकदार, एक चपटा, एक खाच पाडलेला. उंची इंचभर तरी हवी, म्हणजे बोटांत नीट धरता येते.

या सोंगट्या वाटेतच घेता येतील. बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर, बेंगळुरूपासून साठेक किलोमीटरवर चन्नपट्टण लागतं. तिथली खेळणी भौगोलिक मानांकन मिळालेली. काळ्या कुड्याचं मऊ, फिकट लाकूड लेथवर फिरवत ठेवायचं आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची; घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. मग केवड्याच्या पातीने घासून चकाकी आणतात. हे काम समोर बसून पाहायला मिळालं तर मुलांना जरूर दाखवा. फक्त लाखेच्या सोंगट्यांना सॅनिटायझर लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, रंग चिकट होऊन बोटांना येतो. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या करा. उन्हात उभ्या गाडीच्या काचेखालीही ठेवू नका.

कारखान्यात बनलेलं खेळणं घेणार असाल तर आयएसआय चिन्ह पाहा. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते 1 जानेवारी 2021 पासून बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या वस्तूंना यातून सूट आहे, तेव्हा चन्नपट्टणच्या कारागिराकडे ते चिन्ह दिसलं नाही म्हणून बिचकू नका.

आणि म्हैसूरला पोहोचलात की जगनमोहन पॅलेस चुकवू नका. मुम्मडी कृष्णराज वडियार हा राजा (1794–1868) पटाच्या खेळांचा मोठा रचनाकार. त्या राजवाड्यात भिंतीवर खेळांचे पट रंगवलेले आहेत. वाघ-बकरी खेळत तिथवर आलेली मुलं त्या भिंतीसमोरून लवकर हलणार नाहीत.

आम्ही साताऱ्याहून कारने उंब्रज-पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरून गुहागरला जाणार आहोत. मुलगा सात वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. चुंबकाचा घडीचा लाकडी ल्युडो घ्यायचा विचार आहे. चालेल का?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

दीड वर्षाची मुलगी घरात असेपर्यंत चुंबकाचा कोणताही खेळ घेऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. सोंगटीच्या तळाचं चुंबक डिंकाने चिकटवलेलं असतं आणि ते निघतं. मुलाने दोन चुंबकं वेगवेगळ्या वेळी गिळली तर ती आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना खेचून धरतात आणि मधल्या आतड्याला भोक पडू शकतं. नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, केळं खाऊ घालून वाट पाहायची नाही. तडक दवाखाना गाठायचा.

चुंबक नसलं तरी माप पाहावंच लागतं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यातला भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळीत मावतो का, हे तपासणीत पाहतात; मावला तर तो धोक्याचा. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं. म्हणजे नाण्याहून थोडी मोठी सोंगटीही नको, चांगली दीड-दोन इंची जाडजूड हवी. अशा मोठ्या तुकड्यांचा लाकडी फुली-गोळा तुम्हाला बरा. मुलगा खेळेल आणि धाकटीने तुकडा तोंडात घातला तरी घशात जाणार नाही.

आता कारचं. घाटात खाली मान घालून पटाकडे पाहिलं की मुलाला गाडी लागणार. हेळवाकला चहाला थांबाल तिथे एक डाव होऊ द्या, मग घाट उतरेपर्यंत पट पिशवीत आणि नजर खिडकीबाहेर.

गुहागरला पोहोचल्यावर धाकटी झोपली की मोठ्याबरोबर चौदा खळग्यांचा घडीचा पट काढा, सात-सात खळग्यांच्या दोन ओळींचा; त्यात एकेका खळग्यात एकेक बी टाकत पुढे जायचं असतं. मिटला की त्याचीच पेटी होते आणि बिया आत राहतात. बिया म्हणून चिंचोकेच घ्या. दुकानदार शोभेसाठी लाल-काळ्या गुंजा देतात, त्या परत करा. गुंज चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. खेळ झाला की चिंचोके मोजूनच पेटी मिटायची. समुद्रकाठच्या दमट हवेत लाकूड फुगून घडी घट्ट होते, तेव्हा कडी-बिजागरी थोडी सैल आहे ना, हे दुकानातच पाहा.

माझा मुलगा अकरा वर्षांचा, बुद्धिबळाच्या क्लासला जातो. सुट्टीत गावोगाव फिरताना सराव चुकू नये म्हणून लहान लाकडी सेट हवा आहे.
– एक वाचक, इस्लामपूर

सांगली जिल्ह्यातल्या घरातून हे विचारलं जावं याचा आनंद वाटला. भाऊसाहेब पडसळगीकरांनी 1941 साली सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं, तेव्हापासून इथे पिढ्यान्‌पिढ्या मुलं या पटावर वाढली आहेत.

एकट्याने पुस्तकातले डाव लावून पाहायचे असतील तर आठ-दहा इंची घडीचा सेट पुरतो, आणि इथे लहान बाळ नसेल तर चुंबक चालेल. समोरासमोर खेळायचं असेल तर लहान सेटवर नजरेची सवय बिघडते. स्पर्धेतलं घर पाच-सहा सेंटीमीटरचं असतं आणि राजा साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास. त्यापेक्षा मोहरे नेहमीच्या मापाचे, लाकडी, तळाला वजन आणि बनातीचं कापड लावलेले घ्या, आणि पट गुंडाळता येईल असा कापडी किंवा रेक्झिनचा. मोहरे एका बटव्यात, पट कपड्यांमध्ये गुंडाळून. जागा फारशी जात नाही. पटाच्या कडेला अक्षरं आणि आकडे छापलेले हवेतच, नाहीतर चाली लिहायची सवय सुटते.

घेताना राजाचा तळ घराच्या साधारण पाऊण भागात बसतो का पाहा. घोड्याचे कान आणि राजाच्या माथ्यावरचा क्रॉस पहिल्यांदा तुटतात, तिथे बोट फिरवून जोड पक्का आहे ना तपासा. जादा वजीर दोन मागून घ्या. आणि लहानच सेट घ्यायचं ठरलं तर उंट आणि प्यादं हातभर अंतरावर धरून मुलालाच ओळखायला सांगा. स्वस्तातल्या लहान सेटमध्ये हे दोन सारखेच दिसतात. त्याने बघताक्षणी बरोबर सांगितलं, तरच पैसे द्या.