झोटेरोने घातलेले कंसातील संदर्भ हाताने सुधारले तरी पूर्ववत का होतात?

हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील मराठी प्रबंधासाठी आपण झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरता आणि कंसातील नावे वर्डमध्ये सुधारली तरी पुढचा संदर्भ घालताच ती पुन्हा जुनी होतात, असे आपण विचारले आहे. कंसातील तो मजकूर नुसता टंकलेला नसतो. ते झोटेरोच्या नोंदीशी जोडलेले फील्ड असते आणि त्यातील मजकूर मूळ नोंदीवरून पुनःपुन्हा भरला जातो. हाताने केलेला बदल कायम ठेवायचा का, असे झोटेरो विचारतो खरे, पण होकार दिला की तो संदर्भ पुढे गोठतो आणि मार्गदर्शकांनी शैली (संदर्भ लिहिण्याची ठरावीक पद्धत) बदलायला सांगितली तर तेवढाच जुन्या रूपात राहतो. म्हणून चूक जिथून येते तिथेच ती दुरुस्त करावी.

बहुतेक चुका नोंदीतील नावांच्या असतात. स्वामी रामानंद तीर्थ यांचे हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याविषयीचे, १९६७ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आठवणींचे पुस्तक आपल्या यादीत असणारच. त्याची नोंद करताना नाव दोन रकान्यांत विभागले, तर ‘तीर्थ’ हे आडनाव समजले जाते आणि कंसात तेवढेच उमटते. संन्याशाला आडनाव कुठले, हे यंत्राला कसे कळणार? लेखकाच्या नावाशेजारील बटणाने दोन रकान्यांचा एक करावा आणि ‘रामानंद तीर्थ’ असे सलग लिहावे. ‘महाराष्ट्र शासन’ हेही एकाच रकान्यात हवे, अन्यथा कंसात नुसते ‘शासन’ उरते. इंग्रजी संदर्भांत एखाद्याच आडनावाआधी आद्याक्षर दिसू लागले, तर त्याच लेखकाचे नाव एका नोंदीत पूर्ण आणि दुसरीत संक्षिप्त आहे का, ते पाहावे, कारण एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) शैलीत ती दोन वेगळी माणसे धरली जातात. नोंद सुधारून वर्डमधील ‘रिफ्रेश’ दाबले की सगळीकडचे संदर्भ बदलतात.

पृष्ठ क्रमांक मात्र नोंदीत घालू नये. संदर्भावर कर्सर ठेवून ‘ॲड/एडिट सायटेशन’ दाबावे, आलेल्या पट्टीतील नावावर क्लिक करावे आणि तेथे क्रमांक लिहावा. वाक्यात लेखकाचे नाव आधीच आले असेल, तर कंसातील नाव वगळण्याची खूणही तिथेच आहे.

‘एट अल.’ऐवजी ‘आणि इतर’ हवे असेल, तर ते शैलीच्या फाइलीतच बदलावे लागते. त्या फाइलीची प्रत करून तिला वेगळे शीर्षक आणि वेगळा आयडी द्यावा, नाहीतर मूळ शैली अद्ययावत होताना आपला बदल पुसला जातो.

प्रबंध सादर करण्यापूर्वी वर्ड फाइलीची प्रत काढून फक्त त्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ वापरावे; त्याने संदर्भांचा झोटेरोशी असलेला दुवा तुटून साधा मजकूर उरतो. मूळ फाइल जोडलेलीच ठेवावी, कारण परीक्षकांच्या सूचना आल्यावर काम तिच्यातच करायचे असते.