मरू देणं आणि मारणं यात खरंच नैतिक फरक आहे का?

माझ्या मते आहे, पण कायदा दाखवतो तितका स्वच्छ नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचंच बघा. 1973 मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यापासून त्या जवळपास 42 वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना व्हेंटिलेटर नव्हता. केईएमच्या परिचारिका मऊ केलेलं अन्न भरवत. त्यामुळे त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेत मागणी होती ती अन्न थांबवण्याची. असं उपाशी ठेवणं म्हणजे ‘मरू देणं’ आणि इंजेक्शन देणं म्हणजे ‘मारणं’, हे मला पटत नाही. उलट इंजेक्शनात यातना कमी.

2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, पण कडक अटींवर उपचार थांबवायला परवानगी दिली. 2018 मध्ये वैद्यकीय इच्छापत्रालाही (लिव्हिंग विल, म्हणजे पुढे आपण सांगू शकलो नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं) मान्यता मिळाली. इंजेक्शन मात्र आजही गुन्हा.

जिथे यंत्र फक्त मरण लांबवतंय, तिथे ते काढल्यावर माणूस आजाराने जातो. हा फरक मी मानते. पण माझ्यासाठी त्याहून मोठा प्रश्न रुग्णाच्या इच्छेचा आहे, आणि अरुणाताईंना तो कुणी विचारूच शकलं नाही. म्हणून शुद्धीत असतानाच इच्छापत्र करा. 2023 पासून ते नोटरीसमोरही करता येतं.