खसखस, वर्गणी आणि बादलीतले विसर्जन
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गौरी-गणपती ते संक्रांत या दिवसांत दुबईला निघालेल्या किंवा तिथे राहणाऱ्या सोलापूरकरांच्या घरून येणारे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरे संयुक्त अरब अमिरातीपुरतीच आहेत. सौदी आणि कुवेतमध्ये पूजेच्या वस्तूंपासूनच नियम वेगळे आणि कडक आहेत, तेव्हा हीच उत्तरे तिकडे लावू नयेत.

मुलगा दुबईत नोकरीला आहे. सून गणपतीनंतर जाणार आहे. तिच्याबरोबर काळा मसाला, अनारसे, शेंगाचटणी, कडक भाकरी आणि थोडे पूजेचे सामान द्यायचे आहे. विमानतळावर काय अडवतात? — जुळे सोलापूर

पहिला शब्द खसखस. ही अफूच्या बोंडातली बी असल्याने तिथे तिच्यावर बंदी आहे आणि ‘चिमूटभरच आहे’ हे कारण चालत नाही. आपल्याकडे ती कुठे कुठे शिरते ते आठवा: अनारशावर, काळ्या मसाल्यात, करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवात. पुडी वेगळी ठेवली नाही म्हणजे सुटलो, असे होत नाही. मसाला कुटतानाच खसखस वगळा. बाजारचा तयार मसाला देणार असाल तर पाकिटावरचे घटक वाचा आणि घटक छापलेले नसतील तर ते पाकीट देऊच नका. अनारसे खसखशीऐवजी तिळावर थापा. चव थोडी बदलते, पण जाळी तशीच पडते.

विड्याची पाने, गुटखा, मावा यांनाही मज्जाव आहे. पूजेचा विडा इथून पाठवण्याचा आग्रह सोडा.

काही वस्तू दुबईच्या नव्हे, विमानाच्या नियमात अडकतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या त्यातल्याच. खोबऱ्यात तेल भरपूर असते आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात मोडते. कापूर, काडेपेटी, लायटर यांचेही तेच. खोबऱ्याचा कीस तिथल्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतो. उदबत्ती, हळद-कुंकू, वाती, जानवे यांची अडचण नसते.

शेंगाचटणी नीट बांधली तर उत्तम टिकते. ती खराब होते ती दोन कारणांनी. एक, लसणाचा ओलावा. अर्धा किलो शेंगदाण्यांना बारा-पंधरा पाकळ्या घेत असाल तर त्या आधी कोरड्या तव्यावर ओल जाईपर्यंत परता. दुसरे, कुटताना सुटलेले तेल. ते हवा आणि उष्णतेने खवट होते आणि तिथल्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेली पिशवी दोन तासांतही वास धरू शकते. म्हणून एकच मोठा डबा देण्यापेक्षा पाव-पाव किलोच्या हवा काढून सील केलेल्या पिशव्या द्या. पोहोचल्यावर एक वापरायला काढायची, बाकीच्या फ्रीजरमध्ये.

कडक भाकरी हा प्रवासाचाच पदार्थ, पण ती मधोमध पूर्ण वाळलेली हवी. बोटाने दाबल्यावर जराही नरम लागली तर बंद डब्यात बुरशी धरते. कागदाचे थर घालून कडक डब्यात ठेवा. पिशवीत दिल्या तर पोहोचतो तो चुरा. अर्थात आमटीत कुस्करायला तोही वाया जात नाही.

लोणचे, तूप, चटणी हे सगळे मोठ्या बॅगेत. हातातल्या सामानात 100 मिलिलिटरपेक्षा जास्त पातळ किंवा तेलकट पदार्थ सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात.

पत्रात औषधांचा उल्लेख नाही, पण तो हवा. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडोल, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे तिथे नियंत्रित आहेत. त्यांच्यासाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी जाण्याआधी घ्यावी लागते. साध्या औषधांबरोबरही डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ पाकीट ठेवा. आणि शेजाऱ्याने ‘आमच्या पोरालाही एवढा डबा द्या’ म्हटले, तर डबा उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. सापडलेल्या वस्तूचा जबाब बॅग ज्याच्या नावावर आहे त्यालाच द्यावा लागतो.

मी दुबईत एकटा राहतो. इथल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापतानाच मोडते. घरी आईची कधी मोडत नाही. — मूळ गाव मंगळवेढा

मालदांडी ज्वारीच्या गावच्या माणसाला हे खुपणारच. दोष हाताचा कमी, पिठाचा जास्त. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो आणि दळून महिने झालेले पीठ तर अजिबात जुळून येत नाही. पाकिटावर दळल्याची तारीख बघा आणि छोटे पाकीट घ्या.

जुन्या पिठाला उपाय उकडीचा. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी पाणी खळखळून उकळा, चिमूटभर मीठ टाका, आच बंद करून पीठ घाला, उलथन्याने ढवळा आणि दहा मिनिटे झाकून ठेवा. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच चिकटपणाचे काम करतो. मग गरम असतानाच, लागेल तसे कोमट पाणी लावत, तळहाताच्या टाचेने रगडून मळा. सगळे पीठ एकदम मळून ठेवू नका. एका भाकरीपुरता गोळा पुन्हा मळायचा आणि लगेच थापायचा.

एसीचा झोत परातीवर येत असेल तर कडा सुकून चिरा पडतात. भाकरी होईपर्यंत तो बंद ठेवा. फ्लॅटमध्ये गॅसऐवजी विजेची शेगडी असेल तर जाळावर फुगवता येत नाही. वरच्या बाजूला पाणी फिरवा, ते सुकत आले की उलटा, खालची बाजू पूर्ण भाजू द्या, मग पुन्हा उलटून घडी केलेल्या फडक्याने कडांवर हलके दाबत फिरवा. वाफ आतच कोंडून पापुद्रा सुटतो. इंडक्शन शेगडी असेल तर लोखंडी तवाच चालतो, साधा ॲल्युमिनियमचा तापत नाही.

अशोक चौकातल्या मंडळात दहा वर्षे काम केले. आता दुबईत कंपनीच्या निवासात आम्ही आपल्या भागातले तीस-चाळीस जण आहोत. प्रत्येकी 50 दिरहम वर्गणी काढून गणपती बसवावा, असे ठरते आहे. पावतीपुस्तक छापू का?

छापू नका, वर्गणीही काढू नका. तिथे परवाना असलेल्या संस्थेखेरीज कोणालाही देणगी गोळा करता येत नाही; त्यासाठी 2021 चा स्वतंत्र संघराज्य कायदा आहे आणि दंड जबर आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘प्रत्येकाने इतके पाठवा’ लिहिणे हेही आवाहनच धरले जाऊ शकते. आपल्याकडे वर्गणी ही गणपतीची पहिली पायरी. तिथे तीच सगळ्यांत निसरडी. हेतू चांगला असल्याने फरक पडत नाही.

मग करायचे कसे? पैसे गोळा करण्याऐवजी कामे वाटून घ्या. एकाने मूर्ती आणली, दुसऱ्याने फुले, तिसऱ्याच्या खोलीत मोदक झाले. कोणीच कोणाला पैसे दिले नाहीत, तर हिशेबच उरत नाही. निवासाच्या व्यवस्थापकाची लेखी परवानगी मात्र आधी घ्या आणि त्यात जागा, वेळ व माणसांची संख्या लिहा. ढोल, लाउडस्पीकर, मिरवणूक यांचा विचारही नको. फटाक्यांनाही परवाना लागतो, त्यामुळे दिवाळीत ‘दोन फुलबाज्या’ म्हणूनही विषय काढू नका. मोठा, जाहीर उत्सव हवा असेल तर परवानगी घेऊन कार्यक्रम करणाऱ्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात जा. कार्यकर्त्याचे हात तिथेही लागतातच.

फोटोंचे एक पथ्य. आरतीच्या चित्रीकरणात शेजारी किंवा वाटसरू ओळखू येत असतील तर त्यांच्या संमतीशिवाय ते पसरवणे गुन्हा ठरू शकते. कॅमेरा मूर्तीकडे ठेवा.

दुबईच्या बर दुबई भागात आमचा दीड दिवसाचा गणपती असतो. विसर्जन आणि धूप या दोन्हींची दरवर्षी धास्ती वाटते. — एक वाचिका, माहेर अक्कलकोट

समुद्रात किंवा खाडीत विसर्जन करू नका. किनाऱ्यावर काहीही टाकले तर दंड होतो. बादलीच योग्य, पण मूर्ती शाडूचीच हवी. प्लास्टरची मूर्ती बादलीत दिवसेंदिवस तशीच बसून राहते आणि मग तिचे काय करायचे, हा मोठा पेच पडतो. सहा इंचांची मूर्ती आणि पंधरा-वीस लिटरची बादली हे माप बरे. मूर्ती पूर्ण बुडेल इतके पाणी घ्या, आधी हार, दूर्वा, दागिने काढा, मूर्ती हळूच सोडा आणि ढवळू नका. न भाजलेली शाडू माती स्वतःच पाणी ओढून सुटते. रात्रभर ठेवली की सकाळी तळाशी गाळ बसतो. वरचे पाणी कुंड्यांना घाला. गाळ मात्र बेसिनमध्ये किंवा न्हाणीघरात कधीही ओतू नका. शाडू वाकड्या नळीत बसून घट्ट होते आणि खालच्या मजल्यापर्यंत तक्रार जाते. गाळ वाळवून कुंडीच्या मातीत मिसळा.

मूर्ती सोलापूरहून आणायची तर ती किमान आठवडाभर आधी पूर्ण वाळलेली घ्या, हातातल्या सामानात ठेवा आणि भोवती सुती कापड भरा. मोठ्या बॅगेत पहिली सोंड तुटते.

धुपाची धास्ती खरी आहे. फ्लॅटमधले धूर ओळखणारे यंत्र पूर्ण इमारतीच्या घंटेला जोडलेले असू शकते. त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधण्याची युक्ती कोणी सांगेल, ती करू नका. ते अग्निसुरक्षा यंत्रणेशी छेडछाड करणे ठरते. यंत्रापासून लांबच्या खिडकीशी देव मांडा, उदबत्ती एकच, धूप-हवन घरात नाही. हवन करायचेच असेल तर मंदिरात विचारा. जेबेल अलीचे हिंदू मंदिर 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले. अबुधाबीचे बीएपीएस स्वामीनारायण मंदिर 14 फेब्रुवारी 2024 पासून आहे.

पाडव्याला गुढी बाल्कनीच्या कठड्याबाहेर काढू नका, आतच पाटावर उभी करा. कडुलिंबाची झाडे तिथे रस्त्याकडेला पुष्कळ दिसतात, पण ती पालिकेची आहेत. डहाळी तोडायची नाही.

यंत्रमागावर काम करतो, दहावी नापास आहे. एजंट 1 लाख 20 हजार मागतो आणि म्हणतो, ‘पर्यटक व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ.’ जावे का? — सोलापूर

नाही. पर्यटक व्हिसावर काम करणे तिथे बेकायदा आहे. पकडले गेल्यास दंड आणि परत पाठवणी तुमच्या वाट्याला येते, एजंटच्या नव्हे. दहावी पास नसल्याने तुमच्या पासपोर्टवर ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असेल. म्हणजे नोकरीसाठी अमिरातीला जाताना ई-मायग्रेट संकेतस्थळावरून सरकारी मंजुरी लागते. ‘पर्यटक व्हिसा’ सुचवला जातो तो बहुतेक वेळा ही मंजुरी टाळायलाच. एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि त्याच संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतो, म्हणजे 35,400. पावती नाही तर पैसे नाहीत. मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा योजना येते: दोन वर्षांचे 275 रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी 10 लाखांचे संरक्षण.

करारात एकूण पगारापेक्षा मूळ पगाराचा आकडा आधी बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर निघते: पहिल्या पाच वर्षांत दरवर्षी 21 दिवसांची. एकूण 2,000 दिरहममध्ये मूळ पगार 1,200 असेल तर वर्षाला 840 जमतात. तोच मूळ पगार 800 लिहिला असेल तर 560. पाच वर्षांत 1,400 दिरहमचा फरक, आणि तो एका रकान्यातला. पासपोर्ट मालकाने स्वतःकडे ठेवणे तिथे कायद्याला धरून नाही. उघड्यावरचे काम असेल तर 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन काम बंद ठेवणे मालकाला बंधनकारक आहे.

गड्ड्याच्या (संक्रांतीतल्या सिद्धेश्वर) यात्रेला, निदान तिच्यातल्या अक्षता सोहळ्याला मुलाने यावे असे वाटते. पहिलेच वर्ष आहे, रजा मिळेल का? — होटगी रोड

वर्ष पूर्ण झाल्यावर 30 दिवसांची पगारी रजा लागू होते. सहा महिन्यांनंतर, वर्ष होण्याआधी, महिन्याला दोन दिवस या हिशेबाने मिळते. त्या 30 दिवसांत आठवड्याच्या सुट्ट्याही मोजल्या जातात, हे विसरले की गणित चुकते. संक्रांतीला तिथे सुट्टी नसते, त्यामुळे अर्ज नोव्हेंबरातच द्यावा. तिकीट काढताना हैदराबादही बघा. सोलापूरहून ते मुंबईपेक्षा जवळ पडते आणि आखाती विमाने तिथे भरपूर उतरतात.

येऊ शकला नाही तर फोन. पण व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाजाचा किंवा व्हिडिओ कॉल तिथे चालत नाही. संदेश जातात, कॉल लागत नाही आणि इकडे घरचे उगीच घाबरतात. गूगल मीट किंवा बोटिम हे कॉलचे ॲप आधीच फोनवर घालून एकदा लावून बघा. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. इथे सकाळी आठला आरती सुरू होते तेव्हा तो साडेसहाला उठत असतो.

मुलगी तीन वर्षांनी परत येते आहे. किती सोने करमुक्त आणता येते? — बार्शी

एक वर्षाहून जास्त परदेशी राहिलेल्या महिलेला 40 ग्रॅम, पुरुषाला 20 ग्रॅम. हे दागिन्यांनाच लागू आहे. नाणी आणि बिस्किटे यात बसत नाहीत. पावती जवळ हवी, आणि मर्यादेपेक्षा जास्त असेल तर विमानतळावर कस्टम्सच्या लाल मार्गाने जाऊन स्वतः सांगावे.