रॉकी अजून जेवतोय, मग निर्णय कसा घ्यायचा?

प्रश्न: डॉक्टर, आमचा रॉकी लॅब्रेडॉर आहे, तेरा वर्षांचा. मागचे पाय जवळजवळ गेलेत, लादीवर घसरतो, आणि आता किडनीचं निघालंय, क्रिएटिनिन (रक्ततपासणीतला किडनीचा आकडा) ६ च्या वर. एक दिवसाआड सलाईन चालू आहे. आमचे व्हेट म्हणाले की आता विचार करून ठेवा. मिस्टर म्हणतात अजून जेवतोय ना, मग कशाला घाई. सासूबाई म्हणतात जीव घ्यायचा आपल्याला काय अधिकार, जाईल तो झोपेत शांतपणे. रात्री त्याच्याजवळ मीच असते, तो धापा टाकत बसून राहतो, मला काही सुचत नाही. वेळ आली हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ताई, आधी 'जेवतोय ना' चं बघू, कारण लॅबच्या घरात सगळे इथेच फसतात. लॅब्रेडॉर ही जात खाण्याच्या बाबतीत वेगळीच आहे, प्रचंड दुखत असलं तरी चिकनचा तुकडा दाखवला की तोंड उघडणारच. त्यामुळे हातातून भरवलेल्या दोन घासांवर जाऊ नका, स्वतःचं नेहमीचं जेवण भांड्यातून तो स्वतःहून खातो का ते बघा. खाल्लेलं टिकतं का, तोंडाला तो उग्र युरियाचा वास येतो का, हिरड्यांवर-जिभेवर फोड आलेत का हेही बघा. आणि रात्री धापा टाकत बसून राहतो म्हणालात ना, मला जेवणापेक्षा तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. कुत्री दुखलं म्हणून ओरडत नाहीत, बहुतेक गप्प राहतात. आडवं पडता येत नाही, कूस बदलता येत नाही, गारवा असूनही धाप लागलीये, तर ते दुखणं असायची शक्यता खूप आहे.

क्रिएटिनिन ५ च्या वर गेलं की किडनीच्या आजाराची चौथी म्हणजे शेवटची पायरी धरतात. सलाईनने आकडा थोडा खाली येतो, मळमळ कमी होते, काही दिवस बरे जातात, पण गेलेली किडनी परत येत नाही. त्यात तुमच्याकडे दुहेरी अडचण आहे, कारण सांध्यांसाठी मेलॉक्सिकॅमसारखी जी औषधं सर्रास देतो ती या किडनीला चालत नाहीत. गॅबापेंटिनसारखे पर्याय आहेत, व्हेटला जरूर विचारा, पण डोस किडनी बघून ठरवावा लागतो. (आणि प्लीज, घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी दयेपोटी देऊ नका, धडधाकट कुत्र्यालाही ती महागात पडते.)

आता सासूबाईंचं. त्यांची भावना मी हसण्यावारी नेणार नाही, अशी माणसं रोज भेटतात आणि बहुतेक वेळा त्या कुत्र्यावर सगळ्यात जास्त माया त्यांचीच असते. पण 'झोपेत जाईल' ही जी आशा आहे ना, तिच्यापायीच सगळ्यात जास्त कुत्री हाल काढतात असं माझं स्पष्ट मत आहे. किडनी पूर्ण बंद पडून येणारं मरण सहसा झोपेतलं नसतं. उलट्या होतात, फिट येऊ शकते, आणि हे रात्री दोनला सुरू झालं की कुठला व्हेट फोन उचलणार आणि उचलला तरी या अवस्थेत टॅक्सीत कसं घालणार? अधिकाराचं म्हणाल तर लसी, ऑपरेशन, सलाईन हे सगळे निर्णय आपणच त्याच्या वतीने घेत आलो, हाही त्यातलाच एक. आपल्याकडच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातसुद्धा, जनावराला जिवंत ठेवणं हाच क्रूरपणा ठरेल अशा वेळची तरतूद आहे.

घरात तिघांची तीन मतं आहेत तर एक करून बघा. अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबोस या व्हेटने २००४ मध्ये एक तक्ता दिला, तो आम्ही बरेच जण वापरतो. दुखणं आणि श्वास, खाणं, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं-फिरणं आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी ० ते १० मार्क, जास्त म्हणजे चांगलं. बेरीज ३५ च्या वर असेल तर ठीक चाललंय म्हणायचं. तिघांनी वेगवेगळे मार्क द्यायचे, एकमेकांना न दाखवता, आणि आठवड्याने परत. रात्री जो त्याच्याजवळ असतो त्याचे मार्क नेहमी कमी येतात, आणि मिस्टरांना एकदा दोन रात्री तिथे झोपायला लावा, अर्धं भांडण तिथेच मिटेल.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला विचाराल तर वेळ जवळ आलीये. नक्की दिवस तुमचा व्हेट त्याला बघून सांगेल, मी कागदावरून सांगणार नाही. पण वाट बघायची तर इमर्जन्सीची बघू नका, दिवसा, ओळखीच्या डॉक्टरला घरी बोलवा. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग पुढच्या पायाचे थोडे केस काढून शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, बहुतेक थायोपेंटोन. एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. किडनीच्या पेशंटची शीर सापडायला त्रास होतो म्हणून कॅन्युला (शिरेत बसवून ठेवायची बारीक नळी) आधीच लावून ठेवायला सांगा. डोळे उघडेच राहतात, लघवी होऊ शकते, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं वाटतं, ते दुखणं नसतं, पण आधी माहीत नसेल तर माणसं हादरतात. खाली जुनी चादर घाला. शेवटची व्यवस्था कुठे करायची तेही व्हेटला आधीच विचारा. मुंबईच्या वाचकांसाठी, मालाडला महापालिकेची पाळीव प्राण्यांची दाहिनी २०२३ पासून सुरू आहे.

प्रश्न: आमच्याकडेही हीच वेळ आलीये, मुलगी आठ वर्षांची आहे. तिला कुत्रा गावाला पाठवला असं सांगू का?
– एक बाबा, नाशिक

उत्तर: नको. ती दर सुट्टीत गावाला त्याला शोधेल आणि कधीतरी चुलत भावंडांकडून खरं कळेलच. तो खूप आजारी आहे, औषधाने बरा होणार नाही, डॉक्टर इंजेक्शन देतील आणि तो मरेल, एवढं सरळ सांगा, आदल्या दिवशी सांगा म्हणजे तिला त्याच्याजवळ बसता येईल. त्या वेळी समोर थांबायचं का हे तिला विचारा, आणि घरात आजी किंवा मावशी अशी कोणीतरी ठेवा जी तिला नको वाटलं की लगेच बाहेर घेऊन जाईल, कारण तुम्ही स्वतः तेव्हा रडत असणार. नवीन पिल्लू मात्र त्याच आठवड्यात आणू नका.